कोपरगावातला कडू घास

पुणं सोडून कोपरगावला राहायला आलो, त्याच दिवशी दिवेलागणीच्या सुमारास आमच्या घरात मयत झाली, असं सगळ्या गल्लीचं एकमत झालं. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघंही जिवंत होतो. पण ते आम्हाला कोणी विचारलं नाही.

हे नीट सांगायचं तर माझ्या व्हायोलिनपासून सुरुवात करायला हवी. (इथून बरेच लोक उठून जातात. तुम्ही बसा, वाजवणार नाहीये.)

मी हौशी व्हायोलिनवादक आहे. यातला ‘हौशी’ हा शब्द लोकांचा आणि ‘वादक’ हा माझा. चाळिशीत शिकायला घेतलं, आता बावन्न पूर्ण आहेत. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत सुरुवातीला मी हॉलमध्ये बसून रियाज करायचो. तिसऱ्याच आठवड्यात लिफ्टशेजारी नोटीस लागली की, तिसऱ्या मजल्यावर चाललेलं सुतारकाम रविवारी बंद ठेवावं. तेव्हापासून मी बाथरूममध्ये, दाराच्या फटीला टॉवेल लावून, उलट्या बादलीवर बसून वाजवायला लागलो. बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर आई बसायची, मेथी निवडत. माझं झालं की आतूनच विचारायचो, “कसं झालं?” आई म्हणायची, “कालच्यापेक्षा बरं.” दहा वर्षं ती रोज हेच म्हणाली. रोज कालच्यापेक्षा बरं होत होत मी आत्तापर्यंत कुठल्या कुठे पोचायला हवा होतो. पण आई खोटं बोलते हे कळण्याचं माझं वय होतं आणि तरी मला ते ऐकायचं असायचं.

दीड वर्षापूर्वी आई गेली. आठ महिने आजारी होती, त्यामुळे सगळ्यांनी ‘सुटली’ असं म्हणून टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. सेक्रेटरींनी लिफ्ट अर्धा तास वापरात राहील असा मेसेज टाकला आणि खाली कोणीतरी त्यालाही हात जोडले. स्मशानातून परत आलो, आंघोळी झाल्या आणि मग लक्षात आलं की आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मी मोबाईलवरून जेवण मागवलं. दाल खिचडी आली, बरोबर कांद्याच्या चकत्या. ती कोणी खाल्ली नाही. थोड्या वेळानं मोबाईलनं विचारलं, आजचं जेवण कसं वाटलं? मी चार तारे दिले. सवयीनं.

त्यानंतर मी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. आप्पांचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं आणि तिथेच राहिलं. आईचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, “शरीराला काही झालेलं नाही, यांना बोलतं करा.” मी रोज त्यांच्यासमोर बसून बोलायचो आणि ते पेपरमधल्या जाहिराती वाचायचे.

तेवढ्यात माझ्या कंपनीनं सांगितलं की, यापुढे घरूनच काम करा, आणि पगारही घरगुतीच द्यायला सुरुवात केली. पुण्यातलं भाडं झेपेना. माझी बायको सुनीता हिनं नकाशा पसरून स्वस्त, रेल्वेचं आणि पाणी असलेलं गाव शोधलं, आणि आमचं कोणीही नसलेल्या कोपरगावात एक बैठं घर भाड्यानं मिळालं. चारी बाजूंनी मोकळं. भिंतीला भिंत नाही. मला वाटलं, इथे दार उघडं टाकून वाजवता येईल. आप्पांना यातलं काहीच पटलेलं नव्हतं. ते टेम्पोत बसताना म्हणाले, “सुधीर, मी चार दिवस बघतो. नाही करमलं तर माझी वृद्धाश्रमात सोय कर. तिथे निदान सगळे उपरेच असतात.” टेम्पोवाल्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. मीही.

राहुरीच्या पुढे आमचा टेम्पो उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकला तो जवळजवळ कोपरगावापर्यंत. पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. सामान उतरवलं. धुळीनं आम्ही असे माखलो होतो की, तिघांनी एकापाठोपाठ एक डोक्यावरून आंघोळ केली. गॅसचा रेग्युलेटर कुठल्या खोक्यात आहे ते सुनीताला आठवेना, म्हणून चूल थंड. लाईट गेलेली. देवाची पणती तेवढी हाताला लागली, ती तिनं मधल्या खोलीत जमिनीवर लावून ठेवली. (वात दक्षिणेकडे होती. पुण्यात दक्षिण कुठे असते हे कोणाला माहीत असतं? तिथे फक्त लिफ्ट कुठे आहे ते माहीत असतं.) आप्पा डोक्याला पांढरा पंचा गुंडाळून ओट्यावर भिंतीला टेकून बसले. मी उघडा, धोतरासारखी लुंगी नेसलेला, आणि माझ्या डोक्यावर एकही केस नाही. हे टक्कल बत्तिसाव्या वर्षापासूनचं आहे, पण समोरच्या घरातून पाहणाऱ्याला ते कसं कळणार?

अशा वातावरणात मला व्हायोलिन वाजवायची बुद्धी झाली.

मधल्या खोलीत पणतीजवळ बसलो. तारा जुळवल्या, निदान मला तसं वाटलं. आईला यमन आवडायचा, संथ. दीड वर्षानं पहिल्यांदा बो तारेवर ठेवला आणि दहाएक मिनिटं वाजवलं. मग थांबलो. मग बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

अर्ध्या-पाऊण तासानं समोरच्या घरातल्या ताराकाकू आल्या. साठीच्या, डोक्यावरून पदर, हातात झाकलेली परात. आमची काहीच ओळख नव्हती. त्यांनी परात उंबऱ्याच्या आत ठेवली. टोपलं भरून ज्वारीच्या भाकरी आणि पातेलंभर पिठलं. “खाऊन घ्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “दोन घास तरी पोटात गेलं पायजे.”

सुनीता गहिवरली. पंधरा वर्षांत शेजारच्या फ्लॅटमधून आम्हाला चुकून आलेलं कुरिअर सोडून काही आलेलं नव्हतं. ती मला म्हणाली, “बघा, याला म्हणतात माणुसकी.” मग ताराकाकूंना म्हणाली, “काकू, बरोबर थोडा ठेचा मिळेल का? असला तर हं.”

ताराकाकूंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘येते’ न म्हणता निघून गेल्या. ठेचा आला नाही. नंतर कळलं की, ‘सुनबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय’ अशी बातमी त्याच रात्री गल्लीभर गेली होती.

आम्ही जेवायला बसलो. आप्पा त्या पिठल्याकडे नुसते बघत होते. मला वाटलं, आता अर्धी भाकरीसुद्धा जात नाही. त्यांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, तोंडात घातली आणि चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिखट असेल, असं मला वाटलं. पिठलं अगदी अळणी होतं. आप्पांनी अख्खी भाकरी खाल्ली, मग आणखी अर्धी. सुनीता मला टेबलाखालून पायानं खुणावत होती. (टेबल नव्हतं, ते टेम्पोत मोडलं होतं. पण सवय.)

सकाळी सात वाजता ओट्यावर सात-आठ माणसं येऊन बसली. कोणी काही बोलेना. आमच्या घराला एवढी माणसं, तीही न बोलावता, हे मला झेपेना. मी सगळ्यांना म्हणालो, “चहा टाकतो, बसा.” त्यावर ते इतके घाईघाईनं “नगं, नगं” म्हणाले की मी घाबरलो. त्यांत पुढे होते रावसाहेब, ताराकाकूंचे यजमान. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, टोपी, धोतर, आवाज भरदार. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाले, “पोरगं रीतीचं हाय. तिकडंच समदं उरकून आलं, केस बी लगेच काडले.”

मग ते आप्पांकडे वळले. “आबा, कोन गेलं म्हनायचं?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “आमची मालती.”

ते आईचं नाव होतं. दीड वर्षात मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. मी दाराची चौकट धरली.

“आजारी हुत्या?”

“आठ महिने. शेवटी बोलणं बंद झालं होतं. पण मी चहा घेऊन गेलो की हात पुढे करायची.”

“मानूस गेल्यावं घर खायला उठतं, आबा,” रावसाहेब म्हणाले, “आमी बसतो थोडा येळ.”

आणि ते खरोखर तासभर बसले. आप्पा बोलत होते. आईला ते पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा तिनं पोह्यांत मीठ घातलं नव्हतं, हे सांगत होते. हे मलासुद्धा माहीत नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो आणि कोणीही ‘कधी गेल्या’ असं विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? काल संध्याकाळी सगळ्या गल्लीनं ऐकलंच होतं.

माणसं गेल्यावर मी आप्पांना आत नेलं. “आप्पा, अहो यांना वाटतंय आई काल गेली.”

“हो.”

“आणि कालचं पिठलं?”

“कडू घास होता तो. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, मग शेजारी आणून देतात. आमच्या गावाकडेही होतं असं.”

“म्हणजे तुम्हाला कालच कळलं होतं? मग बोलला का नाहीत?”

आप्पांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. “भूक लागली होती,” ते म्हणाले.

मी म्हटलं, ठीक आहे, एक दिवस जाऊ दे, उद्या सांगू. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोंधळांची सुरुवात या वाक्यानं झालेली आहे.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. सुनीताजवळ बसल्या, तिला ‘सावर, बाई’ म्हणाल्या आणि खोकी उचकून रेग्युलेटर शोधायला लागल्या. तिसऱ्या दिवशी एक स्थानिक पुढारी दोन गाड्या घेऊन आले. उभ्या उभ्या, हात पाठीमागे बांधून त्यांनी सांगितलं की, मालतीबाईंच्या जाण्यानं कोपरगावचं कधीही भरून न येणारं नुकसान झालं आहे. आईनं उभ्या आयुष्यात कोपरगाव पाहिलेलं नव्हतं. एकदा शिर्डीला जाताना तिला शेजारच्या फाट्यावर एसटी लागली होती, एवढाच काय तो संबंध. सुनीता पदर तोंडात धरून आत गेली. बाहेरच्यांना वाटलं रडतेय.

इकडे आप्पा सकाळ-संध्याकाळ ओट्यावर. रावसाहेब शेजारी. घरोघरून भाकरी येत होत्या, आप्पा खात होते आणि आईबद्दल सांगत होते. तिचं रेशनच्या रांगेतलं भांडण, तिचा सायकल शिकायचा प्रयत्न. मी आत कॉम्प्युटरसमोर बसून ऐकायचो. या बाईला मी पन्नास वर्षं ओळखत होतो आणि मला त्यातलं निम्मंही माहीत नव्हतं. खरं सांगितलं तर ही माणसं उठून जातील आणि आप्पा पुन्हा जाहिराती वाचायला लागतील. नाही सांगितलं तर मी आईच्या नावावर गावाची फसवणूक करतोय. माझी झोप उडाली. सुनीता म्हणाली, “तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते. पण मी सांगितलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत, मी वेडी आहे.”

चौथ्या दिवशी दुपारी रावसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “दादा, दहाव्याचं ठरवाया पायजे. घाटावं गर्दी असती, जागा धरून ठेवू. प्रवचनाला महाराज बी बगितल्यात, लई रडिवत्यात. आन् तेवडा आईचा फोटू द्या, चौकात फ्लेक्स लावतो. पोरांनी सांगून ठिवलंय, खाली ‘शोकाकुल’ म्हनून समद्या गल्लीची नावं टाकायची.”

“फ्लेक्स कशाला, रावसाहेब,” मी कसाबसा म्हणालो.

“आसं कसं? गल्लीतलं मानूस गेलंय. आवं, त्या कोपऱ्यावरच्या घरात आज पोरीची हळद हाय. डीजे ठरला हुता त्यांचा. म्याच सांगितलं, लावू नका, मयताच्या घरापुढं बरं दिसत न्हाई. ऐकलं बिचाऱ्यांनी.”

मी कोपऱ्यावर पाहिलं. मांडव घातलेला होता, त्याखाली पिवळ्या साडीतली ती मुलगी मैत्रिणींबरोबर बसली होती आणि सगळ्या कुजबुजत्या आवाजात हळदीची गाणी म्हणत होत्या. दीड वर्षापूर्वी गेलेल्या माझ्या आईसाठी. आईला लग्नात नाचायला फार आवडायचं. मला तिथे उभं राहवेना.

मी तडक समोरच्या घरी गेलो. ताराकाकू पुढच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. “काकू, माझी आई दीड वर्षापूर्वी गेली. पुण्यात. इथे आल्यावर नाही.”

त्यांनी वर पाहिलं. “आबा लबाड बोल्ले?”

“नाही हो. ते बोलले ते सगळं खरं आहे. फक्त ‘कधी’ ते त्यांना कोणी विचारलं नाही. आणि माझी सांगायची हिंमत झाली नाही. दीड वर्षं ते धड जेवले नव्हते. तुमच्या भाकरीवर जेवायला लागले.”

ताराकाकूंनी हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, “मंग तवा घास कोनी आनला हुता?”

“कोणी नाही. मी मागवला. मोबाईलवरून.”

“मंजी इकत?”

“हो.”

“इकत आनला कडू घास,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. चार दिवसांच्या थापेपेक्षा त्यांना हे जास्त लागलेलं दिसलं. मग उठल्या, कुंपणापाशी जाऊन त्यांनी रावसाहेबांना हाक मारली. “आवं, त्या फ्लेक्सचं ऱ्हाऊ द्या. आन् कोपऱ्यावं सांगा, डीजे लावा म्हनावं. का ते मी मागनं सांगते. आन् आबांना काई इचारू नका. त्यांच्याजवळ बसत जावा रोजच्यावानी.”

पाचच मिनिटांत डीजे सुरू झाला. आमच्या भाड्याच्या घराची कौलं हलताना मला तिथूनही दिसत होती. ओट्यावर आप्पा आणि रावसाहेब एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते. काय ते ऐकू येत नव्हतं, पण आप्पा हातांनी सायकलचं हँडल धरून दाखवत होते, म्हणजे आईच पडली असणार पुन्हा. आज चौथा दिवस होता. वृद्धाश्रमाचं त्यांनी काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

मला इतकं हलकं वाटलं की, मी उरलंसुरलंही कबूल करायचं ठरवलं. “आणि काकू,” मी डीजेवर आवाज चढवून म्हणालो, “त्या संध्याकाळी तुम्हाला जे रडणं ऐकू आलं ना, ते रडणं नव्हतं. मी व्हायोलिन वाजवत होतो. शिकतोय अजून. त्यामुळेच हा सगळा घोटाळा झाला. माझंच चुकलं.”

ताराकाकूंनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले.

“त्ये किरकिर वाजत हुतं त्ये न्हाई वं, दादा,” त्या म्हणाल्या. “त्ये आलं आयकू. लाईट न्हवती, न्हाईतर टीव्हीचा आवाज वाडवला आसता म्या. वाजायचं थांबलं, मंग त्याच्यामागनं मानूस रडाया लागलं. लई येळ रडत हुतं. पीठ म्या तवा मळाया घेतलं.”

मी दाणे तोंडात टाकले, कारण दुसरं काही करायला नव्हतं.

गल्लीत बाकीच्यांना आम्ही हेच सांगितलं की, व्हायोलिनमुळे गैरसमज झाला. सगळ्यांना ते चटकन पटलं, जरा जास्तच चटकन. आता मी वाजवायला बसलो की येणारा-जाणारा हसून विचारतो, “कोन गेलं, दादा?” मी मान खाली घालून वाजवत राहतो. बावन्नाव्या वर्षी आईसाठी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडलो, हे सांगण्यापेक्षा वाईट वाजवतो ही बदनामी मला परवडते. स्वस्तातलंच गाव बघून आलोय आम्ही.